वाकडा बसलेला कोपरा

बायकोच्या दहाव्याला आलेले पाहुणे गेले आणि दुसऱ्याच दिवशी मी घरातल्या लोखंडी कपाटाला बुक्क्या मारून स्वतःचा हात मोडून घेतला. कारण सांगायला लाज वाटते. त्या कपाटाचं दार आपोआप उघडतं. कित्येक वर्षं उघडतंय. बायको कागदाची घडी करून फटीत दाबायची, मग दार गप बसायचं. त्या दिवशी घडी खाली पडली. मी परत लावली, परत पडली. घडी किती जाड करायची, कुठं दाबायची, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. चौथ्यांदा दार उघडून माझ्या खांद्याला लागलं तसा मी पिसाळलो. तिसऱ्या बुक्कीला पत्र्याला पोचा पडला आणि करंगळीमागचं हाड कडकन वाजलं.

ती असती तर त्या बुक्क्या कपाटाला बसल्या नसत्या. मी बायकोला मारणारा माणूस होतो. एकदा-दोनदा नाही. शिफ्टवरून आलो आणि चहा गार असला तरी मारायचो. तिनं आयुष्यभर शेजारणींना सांगितलं, ‘मोरीत पाय घसरला’, ‘दाराला लागलं’. सगळ्यांना सगळं कळत होतं.

माझं शिक्षण सातवी. चौतीस वर्षं पॉवर प्रेसवर काढली, आधी ऑपरेटर, मग डाय-सेटर. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे, बाकीचं प्रेसनं नेलं. तिथंही माझा हात चालायचा. एक गोष्ट सांगतो, ती पुढं लागणार आहे. डायवर, म्हणजे प्रेसच्या लोखंडी साच्यावर, पत्रा उलटा बसू नये म्हणून आम्ही एक पिन लावायचो. पिन असली की पत्रा सुलट असेल तरच बसतो. कंत्राटातल्या एका माणसानं घाईत माल काढायला ती पिनच काढून ठेवली. पत्रा उलटा बसला. बसला मात्र झकास, जागच्या जागी. प्रेस खाली आली, डाय फुटली आणि तिचा तुकडा ऑपरेटरच्या दंडात हाडापर्यंत घुसला. मी त्या कंत्राटवाल्याला कॉलरला धरून खांबावर आपटला. नाकातून रक्त येईपर्यंत मारला. मारता मारता एकच वाक्य म्हणत होतो, “बसला म्हंजे बरोबर बसला का रे? बसला म्हंजे बरोबर बसला का?” शॉपमधले सगळे कामगार उभे राहून बघत होते. नंतर कितीतरी वर्षं नवीन पोरांना मी हाच धडा शिकवला, टपली मारून.

आमच्या घरात माफी मागायची रीत नव्हती. मी मोडायचो आणि मीच दुरुस्त करायचो. मिक्सर आपटला तर संध्याकाळी खोलून चालू करून द्यायचो. ताट भिरकावलं तर त्याचा काठ लाकडी हातोडीनं सरळ करायचो. तिला मारलं असेल तर घरात काहीतरी बिघडलेलं शोधून काढायचो, गळका नळ, सैल खुर्ची, आणि ते नीट करून द्यायचो. ती काय ते समजायची. निदान ती समजते असं मी धरून चालायचो.

तर, हात. प्लास्टर निघालं पण बोटं मिटेनात. डॉक्टरनं व्यायामाच्या बाईंकडं पाठवलं. या त्याच बाई, ज्यांनी माझ्या बायकोचा हात चालता केला होता. पन्नाशीच्या, उंच, आवाज खणखणीत.

“काकू कशा आहेत?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“गेली.”

बाईंनी माझी बोटं एकेक करून मिटून बघितली. मग म्हणाल्या, “त्यांचा क्यूब आहे ना घरी? तो घेऊन येत जा. बोटं त्यानंच सुटतील.”

क्यूब म्हणजे ते रंगीत चौकोनी खेळणं. सहा बाजू, सहा रंग. फिरवून विस्कटायचं आणि फिरवूनच परत जुळवायचं. तो आमच्या घरात कसा आला आणि त्याचं काय झालं, ते आता सांगतो.

बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत तिला दवाखान्यातून आणली त्या दिवशी मुलगी दारातच आडवी उभी राहिली. मुलगी चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत कामाला आहे, तपासणीवर. वाकडा पार्ट दिसला की बाजूला फेकायचा, हे तिचं काम. नवऱ्याला, सासूला न भिणारी. मला म्हणाली, “आण्णा, आजवर गप बसले. आता हिला तुमच्यामुळं एक ओरखडा जरी आला तर मी हिला घेऊन जाईन, आणि तुमचं तोंड बघणार नाही. तुम्ही मेलात तरी येणार नाही.” मी म्हणालो, “बरं.” दुसरं काय म्हणणार?

मी शब्द पाळला. वर्षभर स्वयंपाक केला, तिला धरून मोरीत नेलं, लुगडं नेसवलं. बाईंनी तिला तो क्यूब दिला. आधी ती नुसता पकडायची. मग फिरवायला लागली. मग बाईंनी एकेक टप्पा शिकवला. पांढरी बाजू, मग मधली ओळ, मग पिवळी. माझी बायको चौथी शिकलेली, पण रोज डाव्या हातानं उजवीची बोटं उघडून क्यूबवर ठेवायची आणि पुटपुटायची, “उजवी खाली, तळ डावीकडं, उजवी वर, तळ उजवीकडं.” दिवसभर तेच. खटक खटक आणि हे पुटपुटणं. माझं डोकं उठायचं. एका दुपारी तिनं तो सगळा जुळवला. सहाच्या सहा बाजू. हातात धरून मला दाखवत होती, तोंड वाकडं झालेलं तरी हसत होती.

मी म्हणालो, “मग? ह्यानं पोट भरतं का?”

तिनं मुलीला फोन लावायला सांगितला आणि तिला रडत रडत सांगितलं. मी गॅसपाशी उभा होतो.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. सकाळची वेळ. मी भात लावला होता आणि तिला म्हणालो होतो, वास आला की हाक मार, मी खालून दूध घेऊन येतो. आलो तर घरभर धूर. पातेलं काळं ठिक्कर. ही कॉटवर बसून खटक खटक.

“भात जळाला की गं!”

“अवं, थांबा. येकच कोपरा ऱ्हायलाय.”

“भात जळाला म्हंतो मी!”

“येकच कोपरा...” तिनं मान वर केली नाही.

मी तो तिच्या हातातून हिसकला आणि सगळा जीव लावून भिंतीवर मारला. तिच्यावर हात उचलला नाही, वस्तू उचलली. त्या वेळी मला हा फरक मोठा वाटत होता. भिंतीवर आपटून तो उलटा आला आणि तिच्या गालफडावर बसला. कातडं फाटलं. तीन तुकडे निघून कॉटखाली गेले. ती ओरडली नाही, रडली नाही. रक्त हनुवटीपर्यंत आलेलं. कॉटवरून घसरत खाली बसली, एक पाय ओढत, आणि डाव्या हातानं कॉटखाली तुकडे चाचपायला लागली. मी उभा होतो. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, एवढंच.

दुपारी मी ते तुकडे आणि क्यूब घेऊन बसलो. फिटरचा हात माझा. सांधा बघितला, स्क्रू थोडा ढिला केला, दोन कडेचे तुकडे आणि एक कोपरा दाबून बसवला. टक, टक, टक. स्क्रू आवळला. फिरवून पाहिला, गुळगुळीत फिरला. नेऊन तिच्या मांडीवर ठेवला.

“घे. ओके आहे.”

तिनं गालावरची हळद पुसली आणि क्यूब उचलला. गुरुवारी मुलगी आली. आमच्याकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, तेव्हा ती दर गुरुवारी डबा घेऊन येते. तिनं गाल बघितला.

“हे काय?”

“दाराला लागलं,” बायको म्हणाली.

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली नाही. इतका मी कसलेला.

पण त्या दिवसापासून क्यूब काही तिला सुटेना. सगळं जुळवत आणायची आणि शेवटच्या कोपऱ्याला अडायची. कोपरा सरळ केला की खालची बाजू विस्कटायची. खालची जुळवली की कोपरा वाकडा. तासन् तास. घामाघूम व्हायची. “आधी यायचं की मला,” म्हणायची, “मग आता काय झालं?” दोन महिने हे चाललं. बाईंकडं जायचं तिनं बंद केलं. “त्यांना काय तोंड दावू? शिकवलेलं सगळं इसरले.” बाईंनी फोन केला तर मला म्हणाली, सांगा, बरं न्हाई.

एका गुरुवारी मुलगी ओव्हरटाइम करून दमून आलेली. आई तिला क्यूब दाखवत राहिली, बघ गं, बघ गं, हा कोपरा बघ. मुलगी चिडली. “आई, सोड ना आता! नाही चालत तुझं डोकं पहिल्यासारखं. कशाला जीव काढतेस?”

बायकोनं क्यूब लाडवाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. परत काढला नाही. हाताचा व्यायाम सोडला. गॅसजवळ जाईना, म्हणायची मी इसरीन आणि घर पेटंल. पुढं पुढं बोलायचीही बंद झाली, भिंतीकडं तोंड करून पडायची. अकरा महिन्यांनी दुसरा झटका आला, त्यात गेली. मुलगी तिच्या अंगावर पडून एकच म्हणत होती, “मी म्हणाले गं तुला, डोकं चालत नाही म्हणाले.” दहाव्याला घाटावर, कावळा शिवायची वाट बघतानाही तेच.

तर तो डबा उघडून मी क्यूब बाहेर काढला आणि बाईंकडं न्यायला लागलो.

मला हे काही येईल असं वाटलं नव्हतं. अर्ध्या बोटानं वरची ओळ ढकलता येत नाही, अंगठ्यानं ढकलावी लागते. पांढरी बाजू जमायला तीन आठवडे गेले. मधली ओळ येईपर्यंत पावसाळा संपत आला. घरी बसून फिरवायचो आणि चुकलो की पेटायचो. हात वर जायचा, आणि मग आठवायचं की हा तिचा आहे. मग क्यूब हळूच खाली ठेवून मी कॉटच्या फळीवर बुक्क्या मारायचो. स्वतःच्या थोबाडीत मारायचो. एकदा इतक्या जोरात मारली की कानात दिवसभर शिट्टी वाजत होती. मारायला घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

शेवटच्या टप्प्याला बाई म्हणाल्या, “आता चार कोपरे. लक्ष द्या काका, उजवी बाजू...”

“खाली,” मी म्हणालो. “तळ डावीकडं, उजवी वर, तळ उजवीकडं.”

“तुम्हाला येतं?”

येत होतं. ज्या पुटपुटण्याचा मला राग यायचा, ते सगळं पाठ होतं. पण पुढं तेच. तीन कोपरे बसले, चौथा वाकडा. तो सरळ केला की खालचं गेलं. मी पंधरा दिवस घरी झटलो. शिव्या दिल्या. क्यूबला दिल्या, बाईंना दिल्या, तिलाही दिल्या, मेलेल्या माणसाला. शेवटी बाईंसमोर तो टेबलावर आदळला आणि म्हणालो, “तिचं डोकं गेलं होतं, माझंबी गेलं.”

बाईंनी उचलला. चष्मा लावला. दोनदा तीच चार वळणं घेतली आणि थांबल्या.

“काका, हा कुणी खोलला होता का?”

मी टेबलावरची पिशवी मांडीवर ओढली.

“पडला होता का कधी? तुकडे निघाले होते?”

“मीच बसवले. का? फिरतोय की चांगला.”

“फिरतोय. पण हा कोपरा बघा. याला तीन रंग आहेत, म्हणजे तो तीन तऱ्हांनी बसतो. तिन्ही तऱ्हांनी घट्टच बसतो. बरोबर त्यातली एकच. तुम्ही त्याची तोंडं न बघता दाबलाय. आता नुसता फिरवून हा कधीच सुटणार नाही. मी फिरवला तरी नाही, कुणीही फिरवला तरी नाही.”

मला खांबावर आपटलेला तो कंत्राटवाला दिसला. नाकातून रक्त येतंय आणि मी विचारतोय, बसला म्हंजे बरोबर बसला का?

“म्हणजे ती...”

बाईंना सगळं कळलं असावं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “काकूंना येत होतं. त्यांचं काही विसरलं नव्हतं. मला कळवलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. द्या, असा पिरगाळला की झालं...” आणि त्यांनी अंगठा कोपऱ्यावर ठेवला.

मी त्यांचं मनगट धरलं. मोडक्या हातानं, पण पूर्ण ताकदीनं. “हात लावायचा नाही!”

त्या “आई गं” म्हणाल्या. बाहेरची माणसं आत डोकावली. त्यांच्या गोऱ्या मनगटावर माझी साडेतीन बोटं उमटलेली दिसली तेव्हा मी सोडलं. एवढं कळूनसुद्धा माझा हात बाईमाणसावरच गेला होता. क्यूब पिशवीत टाकला आणि चालत घरी आलो.

गुरुवार यायला चार दिवस होते. चार दिवस मी विचार केला. सांगितलं नाही तर मुलगी जन्मभर मनाला लावून घेणार, की मी आईला डोकं चालत नाही म्हणाले आणि आईनं जीव सोडला. सांगितलं तर ती जाणार. मला तिच्याशिवाय कोणी नाही. तिचा डबा शनिवारपर्यंत पुरवून खातो मी. शब्द मोडला होता, त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि माझ्या बायकोनं स्वतःच्या फाटलेल्या गालानं तो झाकला होता. मी गप बसलो असतो तर मुलीला कधीच कळलं नसतं.

आणि पिरगाळायला काय लागतं? एक अंगठा. दुरुस्त करून मुलीच्या हातात दिला असता, घे, आईची आठवण. आजवर हेच करत आलो होतो.

गुरुवारी ती आली, डबा ठेवला, केर काढायला झाडू घेतला. मी म्हणालो, “बस.” तिच्यासमोर क्यूब जुळवला. ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. “आण्णा, तुम्हाला कसं काय...” मी शेवटच्या कोपऱ्याला थांबलो.

“हितं तुझी आई अडायची. तिचं डोकं गेलं नव्हतं. हा मी भिंतीवर मारला होता. तिच्या गालाला लागलं ते दार नव्हतं. मग मीच जोडला आणि हा कोपरा वाकडा बसवला. त्याच्यामुळं तिला येईना. तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही. मी केलं.”

तिनं क्यूब घेतला. तपासणीवरची बाई, तिला एका नजरेत दिसलं. मग तिनं तो माझ्या तोंडावर मारला. चार हातांवरून, सगळा जीव लावून. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. मी हात आडवा घातला नाही. तिनं डबा उचलून पालथा केला, भाजी भिंतीला लागली, आणि ती झाडू पायानं उडवून माझ्यासमोर आली. तिचा हात वर गेला होता. अगदी माझ्यासारखा, खांद्यातून. तो तसाच वर राहिला. ती त्याच्याकडं बघत होती, तो दुसऱ्याचाच असल्यासारखं.

“नाही,” ती म्हणाली. “तुमच्यासारखं नाही.” आणि गेली.

भुवईला तीन टाके पडले. टाके घालणाऱ्यानं विचारलं, “कसं लागलं बाबा?”

“दाराला लागलं,” मी म्हणालो.

पुढचा गुरुवार ती आली नाही. त्याच्या पुढचाही नाही. फोन उचलला नाही. भिंतीवरची भाजी मी पुसली, डाग राहिला. क्यूब कपाटापाशी पडला होता, त्याला ह्या वेळी काही झालं नव्हतं, एकही तुकडा निघाला नाही. मी तो उचलून लाडवाच्या डब्यावर ठेवला. बऱ्याचदा अंगठा त्या कोपऱ्यावर गेला. नाही पिरगाळला.

तिसऱ्या गुरुवारी दार वाजलं. ती उंबऱ्याबाहेर उभी. हातात पिशवी. आत ये म्हणालो तर हलली नाही. माझ्या भुवईकडं बघितलं.

“क्यूब द्या.”

मी आणून दिला. तिनं एकेक बाजू फिरवून बघितली. वाकडा कोपरा बघितला.

“नीट नाही केलात?”

“न्हाई.”

ती बराच वेळ त्या कोपऱ्यावरून नख फिरवत होती. खाली रिक्षा वळवताना कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं.

“आई इथपर्यंत यायची?”

“व्हय.”

“किती वेळा?”

“रोज. कधी कधी दिवसातनं दोनदा.”

तिनं ओठ आवळले. मग खटक खटक करत तो सगळा विस्कटून टाकला, रागानं, बोटं लागतील इतक्या जोरात, एकही बाजू ओळखू येईना तोवर. आणि माझ्यासमोर धरला.

“करून दाखवा. ती करायची तसं. तोंडानं म्हणत म्हणत.”

ती आत आली नाही. पिशवीही खाली ठेवली नाही. मी उंबऱ्यावर बसलो आणि पांढऱ्या बाजूपासून सुरुवात केली.